लघवीच्या कल्चरमध्ये ई-कोलाय निघाला, पण त्रास काहीच नाही. मग उपचार करायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६८ वर्षांच्या, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये लघवीचं कल्चरही (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) होतं, म्हणून ते झालं. रिपोर्टमध्ये आलं, ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, ई-कोलाय, एक लाखाहून अधिक, ईएसबीएल पॉझिटिव्ह’. खाली औषधांची यादी आणि निम्म्याहून जास्त औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही). आईंना जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, औषध नको. मामांचं मेडिकल स्टोअर आहे. ते म्हणतात, मेरोपेनेम या अँटिबायोटिकची सात दिवस इंजेक्शनं घ्या, नाहीतर किडनीवर जाईल. त्यात तुम्ही कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंत की ई-कोलाय हा आतड्यातला ‘चांगला बॅक्टेरिया’. मग कुणाचं ऐकायचं, आणि मुळात बॅक्टेरिया म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगा, असं तुम्ही म्हटलंय.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट वाचून त्यांवर सही करणं हे माझं रोजचं काम, आणि ‘पॉझिटिव्ह’ बघून धास्तावलेल्या नातेवाइकांचे फोन घेणं हेही त्यातच आलं. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून. तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच असेल तर डॉक्टरांचं बरोबर आहे. काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तर त्याला आजार धरत नाहीत. काही परिस्थितींत हेच उत्तर बदलतं, त्या पुढे सांगते.

चांगला की वाईट, या भांडणात पडू नका. रिपोर्टवर जंतूचं नाव असतं, आजाराचं नसतं. त्या बाटलीत कोण होतं, साधारण किती होतं आणि कोणत्या औषधाला दाद देतं, एवढंच लॅब सांगू शकते. त्या जंतूमुळे माणसाला काही होतंय का, हे आईंना विचारूनच कळणार. हे नीट पटावं म्हणून जंतू कसा बनलेला असतो ते पाहू. तुमच्या रिपोर्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच्या बांधणीतूनच आलेली आहे.

बॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू, हा एकाच पेशीचा जीव. ई-कोलायची लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर पाचशे जण एकामागे एक झोपतील. आपण त्यांना हजारपट मोठं करून बघतो, तेव्हा कुठे बारीक काड्यांसारखे दिसतात. ‘बॅसिलाय’ म्हणजे हेच, काडीच्या आकाराचे जिवाणू. गोल असतील तर ‘कॉकाय’. जिवाणूला आपल्या पेशीसारखं वेगळं केंद्रक नसतं. डीएनएचं एक लांबलचक कडं पेशीरसातच वळकटी होऊन पडलेलं असतं. शिवाय बऱ्याच जिवाणूंकडे डीएनएची छोटी सुटी कडी असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. हे प्लास्मिड लक्षात ठेवा, आईंच्या रिपोर्टमधल्या ईएसबीएलचं, म्हणजे औषधांना दाद न देण्याच्या गुणाचं, मूळ बहुधा तिथंच आहे. प्रथिनं बनवणारे रायबोसोमही जिवाणूत असतात, पण ते आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे. बाहेरून एक पातळ पटल आणि त्यावर भित्तिका. खातो, वाढतो, दोन होतो. अन्न आणि ऊब मिळाली तर ई-कोलायला दुप्पट व्हायला वीस मिनिटं पुरतात.

विषाणू, म्हणजे व्हायरस, हा प्रकार पूर्ण वेगळा. त्याला ना भित्तिका, ना रायबोसोम. बरीचशी अँटिबायोटिक नेमकी याच गोष्टींवर घाव घालतात, त्यामुळे सर्दीच्या विषाणूपुढे ती निरुपयोगी. एवढं सांगून विषाणू इथेच सोडते.

आता ‘ग्रॅम निगेटिव्ह’. हान्स क्रिश्चन ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर. १८८४ साली बर्लिनमध्ये ते न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत जंतू शोधत होते, आणि जंतू ठळक दिसावेत म्हणून त्यांनी रंगवण्याची एक पद्धत काढली. तीच आजही आम्ही रोज करतो. काचपट्टीवर नमुना पसरायचा, जांभळा रंग घालायचा, वर आयोडीन, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने धुवायचं आणि शेवटी लालसर रंग. काही मिनिटांचं काम. ज्यांनी जांभळा रंग सोडला नाही ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा धुतला गेला आणि जे लालसर दिसले ते ग्रॅम निगेटिव्ह. तेव्हा इथलं ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘सापडलं नाही’ असं नव्हे. एका गृहस्थांनी मला फोनवर खुशीत सांगितलं होतं की वडिलांचं कल्चर ‘ग्रॅम निगेटिव्ह’ आलंय.

रंग टिकतो की जातो, ते भित्तिकेवर ठरतं. भित्तिका पेप्टिडोग्लायकन नावाच्या जाळीदार पदार्थाची बनलेली असते. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूत तिचे थरावर थर असतात, गोधडीसारखे; आत मुरलेला रंग सहज निघत नाही. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूत ही जाळी अगदी पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल असतं. त्या बाहेरच्या पटलात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. जंतू मरून फुटले आणि तो रक्तात आला की थंडी वाजून ताप भरतो, फार झाला तर रक्तदाब कोसळतो. लघवीतला जंतू रक्तात उतरला की रुग्ण गंभीर का होतो, त्याचं बरंचसं उत्तर या पदार्थात आहे.

हे बाहेरचं पटल औषधांनाही आडवं येतं. तुमच्या रिपोर्टच्या यादीत व्हँकोमायसिन नसेल, पुन्हा बघा. ते चांगलं जोरदार औषध आहे, पण त्याचा रेणू इतका मोठा की ई-कोलायच्या बाहेरच्या पटलातून आत शिरत नाही. म्हणून ग्रॅम निगेटिव्ह जंतूवर ते आम्ही तपासतच नाही. यादी कोणती लावायची हे त्या दोन रंगांवरूनच निम्मं ठरलेलं असतं.

वर्गीकरणाबद्दल तुम्ही विचारलंत, तर लॅबमधलं वर्गीकरण अगदी व्यवहारी असतं. आकार काय, ग्रॅम काय, ऑक्सिजनमध्ये वाढतो की त्याच्याविना, कोणती साखर आंबवतो, कोणती रसायनं बनवतो. मॅककॉन्की अगर नावाच्या माध्यमावर ई-कोलायच्या वसाहती, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, गुलाबी उठतात, कारण तो लॅक्टोज आंबवतो. टायफॉइडचा साल्मोनेला लॅक्टोज आंबवत नाही, त्याच्या वसाहती फिकट राहतात. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली की अनुभवी टेक्निशियन लांबूनच अंदाज सांगते, मग बाकीच्या चाचण्यांनी खात्री करायची. मोठ्या लॅबमध्ये आता यंत्रं जंतूच्या प्रथिनांवरून काही मिनिटांत नाव सांगतात. कुळाचा खरा छडा लावायचा तर रायबोसोमच्या जनुकाचा क्रम बघतात. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये याच वाटेने दाखवलं की जिवाणू म्हणून धरलेल्या सूक्ष्मजीवांत आर्किया नावाचं एक पूर्ण निराळं घराणं दडलेलं आहे.

हे वर्गीकरण कधी कधी डॉक्टरांच्या सोयीने चालतं, हेही सांगून टाकते. डीएनए पाहिला तर आमांश करणारा शिगेला हा खरं म्हणजे ई-कोलायचाच भाग. तरी त्याचं नाव वेगळं ठेवलंय, कारण रिपोर्टवर ‘शिगेला’ वाचलं की डॉक्टरांना लगेच काय करायचं ते कळतं. उलट, ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ एवढ्या शब्दांत फार काही सामावतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, शास्त्रज्ञ हाफकिन यांनी तिथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. तो प्लेगचा जंतूही ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलसच, आणि ई-कोलायच्या गणातला. म्हणून पहिल्या ओळीवरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

काही जंतू या दोन रंगांत बसतच नाहीत. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते, म्हणून भित्तिकेवर काम करणारं पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. क्षयाच्या जंतूची भित्तिका मेणचट, तिला वेगळा रंग द्यावा लागतो. हा जंतू इतका सावकाश वाढतो की दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो. कल्चरला आठवडे लागतात आणि औषध सहा महिने घ्यावं लागतं, त्याचं एक कारण हेही आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डोकं वर काढणारा लेप्टोस्पायरा तर इतका बारीक आणि वळणदार की ग्रॅमच्या रंगात दिसतच नाही. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळतं आणि पायावरच्या जखमेतून जंतू आत शिरतो. त्यामुळे पावसाळ्यात तापाच्या रुग्णाचं ‘कल्चरमध्ये काही नाही’ असं आलं, तरी जंतू नाहीच असा अर्थ लावता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे, जंतू आणि आजार.

२०१६ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि शरीराच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरीच. या जिवाणूंचं सगळं मिळून वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. ई-कोलाय तिथला अल्पसंख्य रहिवासी. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञांनी १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. आतड्यात तो आपल्याला उपद्रव देत नाही, जागा अडवून बसल्यामुळे बाहेरच्या जंतूंना शिरकाव कमी मिळतो, आणि थोडं व्हिटॅमिन के सुद्धा बनवतो. व्हिडिओत सांगितलं ते इथपर्यंत खरं आहे.

पण ‘ई-कोलाय’ हे एका व्यक्तीचं नाव नाही, फार मोठ्या भावकीचं आडनाव आहे. २००२ मध्ये तीन ई-कोलायचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले गेले: एक प्रयोगशाळेतला निरुपद्रवी, एक रक्ताचे जुलाब करणारा, एक किडनीच्या संसर्गातला. तिघांकडे मिळून जितकी प्रथिनं सापडली त्यांतली जेमतेम ४० टक्के तिघांत समान होती. उरलेल्यांत त्यांची खरी ओळख होती. रक्ताचे जुलाब करणाऱ्याकडे एक जहाल विष बनवण्याचं जनुक असतं. लघवीच्या मार्गात आजार करणाऱ्यांकडे पृष्ठभागावर केसांसारखे तंतू असतात, फिंब्री म्हणतात त्यांना. टोकाशी चिकटायची सोय. लघवीचा लोंढा जाताना एरवी जंतू वाहून जातो, फिंब्री असलेला मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो.

म्हणजे आजार व्हायला जंतूला चिकटता यावं लागतं, मग एकतर त्याने विष सोडावं किंवा ऊतीत शिरावं, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवावं. प्रत्येक जंतूची रीत निराळी. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतसुद्धा नाही. तो वर बसून विष सोडतो आणि पेशी पाण्याचे पाट सोडतात. हे विष १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. जंतू मारण्याआधी पाणी-मीठ भरून काढणं तिथे महत्त्वाचं, म्हणून ओआरएसने इतके जीव वाचले. घटसर्पाचा जंतू तर स्वतःहून विषारी नसतोच. त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूने विषाचं जनुक आणलेलं असेल तरच तो विष बनवतो. घसा तोच, जंतूचं नाव तेच, पण एकाचं बाळ आजारी आणि दुसऱ्याचं ठणठणीत.

आईंच्या बाबतीत काय झालं असावं? पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन उतरतं. तरुणपणी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं राज्य असतं, त्यांच्या आम्लामुळे आतड्यातले जंतू तिथे टिकत नाहीत. नंतर ते आम्ल कमी होतं, ई-कोलाय सरकत सरकत मूत्रमार्गाजवळ येतो आणि मूत्राशयात मुक्काम ठोकतो. पुष्कळदा भांडणाशिवाय. सत्तरीच्या पुढच्या एरवी धडधाकट दहा बायकांची लघवी तपासली तर एक-दोघींच्या लघवीत असे जंतू मिळतात, मधुमेह असेल तर आणखी जास्त. यातले बरेच जंतू नरम पडलेले असतात. स्वीडनमधल्या एका मुलीच्या मूत्राशयात वर्षानुवर्षं बिनबोभाट राहिलेला एक ई-कोलाय अभ्यासला गेला. त्याला उपयोगी पडतील असे फिंब्री बनवताच येत नव्हते, तशी क्षमताच तो गमावून बसला होता. पुढे संशोधकांनी तोच जंतू वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून पाहिला, उपद्रवी जंतूंना जागा मिळू नये म्हणून! ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामागचं तर्कशास्त्र पक्कं आहे.

मग ‘एक लाखाहून अधिक’ या आकड्याचं काय? तो येतो कसा ते सांगते, म्हणजे त्याचं वजन किती धरायचं ते तुम्हालाच कळेल. आम्ही ०.००१ मिली लघवी उचलणारी ठरावीक मापाची तार वापरतो, तिने प्लेटवर रेघा मारतो आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजतो. शंभर वसाहती आल्या तर हजाराने गुणून एक मिलीमध्ये एक लाख. हा उंबरठा १९५० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड कॅस यांच्या कामातून आला. त्यांना ठरवायचं होतं की लघवी धरताना बाहेरच्या त्वचेवरून मिसळलेले थोडे जंतू कोणते आणि मूत्राशयात खरोखर वाढणारे कोणते. म्हणजे ‘हे मूत्राशयातलेच दिसतात’ एवढंच एक लाख हा आकडा म्हणतो. ‘हा आजार आहे’ असं तो म्हणत नाही. उलट जळजळ असलेल्या तरुण मुलीच्या नमुन्यात दहा हजारच आले, तरी तो खरा संसर्ग असू शकतो.

आणि हा आकडाही नमुना नीट घेतला असेल तरच. कलेक्शनवाला सकाळी सातला बाटली नेतो, चार घरं फिरतो, बाटली स्कूटरच्या डिकीत, लॅबमध्ये पोचायला अकरा. तोवर जंतू वाढत राहतात. आईंचा नमुना असाच गेला असेल तर तो एक लाख मूळचा कितीचा होता ते कुणीच सांगू शकणार नाही. ‘पस सेल्स’ही (पू-पेशी) जास्त दाखवले असतील तर त्यावरूनही निर्णय होत नाही, मधुमेही बायकांत त्रास नसतानाही ते सर्रास दिसतात.

आता मामांना ज्याची धास्ती आहे ते ईएसबीएल. हे एक विकर आहे, एन्झाइम. ते पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन औषधांचा रेणू तोडतं, आणि ई-कोलायमध्ये ते दोन पटलांच्या मधल्या जागेत, औषध भित्तिकेपर्यंत पोचायच्या आतच, दबा धरून बसलेलं असतं. त्याचं जनुक सहसा प्लास्मिडवर असतं आणि एक जिवाणू दुसऱ्याला प्लास्मिडची नक्कल देऊ शकतो. त्याच प्लास्मिडवर अनेकदा इतर औषधांविरुद्धची जनुकंही असतात, म्हणून यादीत एका दमात इतके ‘आर’ दिसतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा ‘आर’ बहुधा वेगळ्या कारणाने आला असेल, ते औषध ज्या विकराला धरतं त्याचाच आकार बदललेला असतो. यातलं कुठलंही जनुक जंतूला जास्त चिकट किंवा जास्त विषारी करत नाही. औषधाला दाद न देणं एक, आणि आजार करण्याची ताकद दुसरी. आपल्याकडे ईएसबीएलवाले जंतू धडधाकट माणसांच्या आतड्यांतही मुबलक आहेत. माझ्या आतड्यात असतील तर मला नवल वाटणार नाही. घरात वेगळं ताट-वाटी, वेगळी बादली असलं काही करू नका. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं पुरे.

मामांचा हेतू चांगला आहे आणि मेरोपेनेम या जंतूला मारेल हेही खरं. पण ते शिरेतून दर आठ तासांनी द्यायचं औषध. त्याने आतड्यातली बरीच वस्ती उठेल, जुलाब लागू शकतात, आणि मूत्राशय मोकळं झालं तरी काही आठवड्यांत बहुधा तिथे दुसरा जंतू येईल, कदाचित मेरोपेनेमलाही न जुमानणारा. मधुमेही स्त्रियांमध्ये हे प्रत्यक्ष तपासलं गेलंय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्रास नसलेल्या मधुमेही बायकांच्या एका गटाला अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्याला दिलं नाही आणि मग वर्षानुवर्षं पाहिलं. औषध घेतलेल्यांत पुढचे संसर्ग कमी झाले नाहीत, औषधं मात्र जास्त पोटात गेली. किडनीवर जाईल ही भीती त्यातून खरी ठरली नाही. शिवाय मेरोपेनेम शेड्यूल एच१ मधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आता उत्तर केव्हा बदलतं ते. आई गरोदर असण्याचा प्रश्न नाही, पण तुमच्या घरात कुणी गरोदर असेल आणि तिच्या लघवीत असे जंतू आले तर त्रास नसला तरी उपचार करतात, कारण तिथे किडनीपर्यंत संसर्ग चढण्याचा धोका खरोखर मोठा असतो. लघवीच्या मार्गात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया होणार असेल, जिथे अस्तर खरवडलं जाईल, तिथेही आधी औषध देतात. किडनी प्रत्यारोपण नुकतंच झालेलं असेल तर त्या तज्ज्ञांनीच ठरवायचं. कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू असणारच, तिथे केवळ रिपोर्टवर उपचार करत बसलो तर अंत नाही.

आणि आईंना उद्या त्रास झाला तर सगळंच बदललं. जळजळ, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं एवढंच असेल तर तो मूत्राशयाचा संसर्ग. तेव्हा यादीत नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं) असेल तर ईएसबीएल असूनही तोंडाने घ्यायच्या औषधावर भागतं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, रक्तात आणि किडनीच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही. म्हणून ते मूत्राशयापुरतं उत्तम आणि किडनीच्या संसर्गाला कुचकामी. आईंची किडनी मधुमेहाने मंदावलेली असेल तर तेही चालणार नाही, म्हणून डॉक्टर आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतील. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, ग्लानी असं काही दिसलं तर थांबू नका, रात्र असली तरी रुग्णालयात न्या. तेव्हा इंजेक्शन लागेल आणि कदाचित ते मेरोपेनेमच असेल. म्हणूनच ते आज वाया घालवायचं नाही. वयस्कर माणूस नुसतं थोडं गोंधळल्यासारखं वागायला लागलं, ताप-जळजळ काही नाही, तर लगेच लघवीतल्या जंतूवर खापर फोडू नका. साखर उतरली आहे का, पाणी कमी प्यायलं गेलंय का, नवी गोळी सुरू झाली आहे का, हे डॉक्टरांना आधी तपासू द्या. आईंना वर्षातून तीन-चार वेळा खराखुरा संसर्ग होत असेल, तर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आपल्याकडे बायका हे विचारायला लाजतात, आणि उपाय मात्र चांगला आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘खात्रीसाठी महिन्याने पुन्हा कल्चर करू का?’ नको. आईंना बरं वाटतंय तोवर करूच नका, पुढच्या पॅकेजमध्ये असेल तर ते वगळायला सांगा. त्रास झाला तेव्हाच करा, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार लॅबच्या निर्जंतुक बाटलीत धरायची, बाटलीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर बाटली पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि त्याच दिवशी द्या. फॉर्मवर वय, मधुमेह, त्रास काय आणि किती दिवस, कोणती अँटिबायोटिक नुकती घेतली, एवढं लिहा. आमच्याकडे निम्मे फॉर्म कोरेच येतात, आणि मग समोरची वसाहत आजाराची की नुसत्या मुक्कामाची, हे ठरवायला हातात काहीच राहत नाही.